गावात युवा सल्लागार समिती: ठरावापासून पहिल्या लेखी उत्तरापर्यंत

मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. त्या काळात आमच्या गावात युवा समिती दोनदा झाली. पहिल्यांदा मासिक सभेत ११ नावं वाचली गेली, सगळ्यांनी माना डोलावल्या, १५ ऑगस्टला झेंड्यापाशी फोटो निघाला. अकराही मुलगे, त्यातले आठ एकाच आळीतले. वर्षभर त्यांना कोणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. त्या ११ नावांना मीही हात वर केला होता.

दुसऱ्यांदा आम्ही निराळ्या रीतीने केलं आणि ती समिती टिकली. फरक पोरांमध्ये नव्हता. समितीने दिलेल्या प्रत्येक सल्ल्याला पंचायतीने लेखी उत्तर द्यायचं, हे या वेळी ठरावातच लिहिलेलं होतं. ज्यांना आपल्या गावात अशी समिती उभी करायची आहे, मग ते नवे सदस्य असोत, सरपंच असोत की कॉलेजात शिकणारी मुलंमुली, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी कायदा समजून घ्या

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये ‘युवा सल्लागार समिती’ असं नाव कुठेही सापडणार नाही. म्हणून ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) पहिल्याच भेटीत ‘अशी तरतूद नाही’ असं म्हणतील. तिथे निराश होऊन परत फिरू नका. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट कलम ४९ची. या कलमाखाली ग्रामसभा ग्रामविकास समित्या नेमू शकते. त्यांची सदस्यसंख्या १२ ते २४, आणि त्यात काही जागा पंचायत सदस्यांना द्याव्याच लागतात. या समितीला कायद्याचं वजन आहे, पण तरुणांच्या समितीत चार-पाच वडीलधारे सदस्य येऊन बसले की १९ वर्षांची मुलगी तोंड उघडत नाही, हे मी पाहिलं आहे.

दुसरी वाट साधी आहे: ग्रामसभेच्या ठरावाने केवळ सल्ला देणारी समिती नेमायची. तिला खर्चाचा अधिकार नाही, सहीचा नाही, चेकचा नाही. ती फक्त सांगणार. सुरुवातीला हीच वाट धरा, असं माझं स्पष्ट मत आहे. अधिकारच मागितलेला नसल्यामुळे विरोध कमी होतो. शिवाय १८ वर्षांखालच्या मुलांनाही घेता येतं. ग्रामसभेचं सदस्यत्व मतदार यादीवर चालतं, त्यामुळे १६ वर्षांच्या मुलाला तिथे मत नाही, पण सल्ला द्यायला मतदार असावं लागत नाही.

वयाची एक गंमत लक्षात घ्या. २८ मार्च १९८९ पासून आपल्याकडे १८व्या वर्षी मतदान करता येतं, पंचायतीची निवडणूक मात्र २१व्या वर्षीच लढवता येते. म्हणजे तीन वर्षं मतदार आहात पण उमेदवार नाही, आणि त्याआधी तर काहीच नाही. नेमक्या याच वयात गाव सोडायचं की गावात राहायचं, हा विचार डोक्यात चालू असतो. राष्ट्रीय युवा धोरण, २०१४ मध्ये युवा म्हणजे १५ ते २९ वर्षं असं धरलं आहे. आम्ही तेच वय घेतलं.

ऑगस्ट का

चुकीच्या महिन्यात नेमलेली समिती वर्षभर रिकामी बसते. गावाचा पैसा कुठे जायचा हे ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात ठरतं. त्याची गडबड साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. त्याच सुमाराला पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव चाललेली असते. जानेवारीत नेमलेल्या समितीच्या हाती झालेला आराखडाच येतो. शिवाय फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा.

म्हणून ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्या. सप्टेंबरमध्ये शिकणं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सल्ला, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उत्तरांचा हिशेब.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. तुमचा विषय त्या विषयपत्रिकेत यायचा तर जुलै संपायच्या आत लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्या. ‘आयत्या वेळच्या विषयां’वर विसंबू नका. तिथवर येईपर्यंत निम्मे लोक उठून गेलेले असतात. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा वैध धरली जायला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. समितीत यायची इच्छा असलेल्या प्रत्येकाने घरातली दोन माणसं जरी आणली तरी सभेचा रंग बदलतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथेही हा विषय नक्की मांडा. आमच्या गावात मुलींच्या जागांचा आग्रह तिथूनच आला होता.

माणसं कशी निवडायची

इथे वेळ घालवा. सगळं इथेच बिघडतं किंवा जमतं.

गावात तरुणांचं मंडळ आधीच असतं. गणपतीचं असतं, यात्रा कमिटी असते, क्रिकेटची टीम असते. सरपंचांना वाटतं, त्यांनाच समिती म्हणून घेऊ. ती पोरं कामाची असतात, वर्गणी गोळा करतात, अडीअडचणीला धावतात. पण मंडळ म्हणजे बहुतेक वेळा एका आळीतले, एका भावकीतले मुलगे. जी मुलगी सकाळी पावणेसातच्या एसटीने तालुक्याला कॉलेजला जाते ती त्यात नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला मुलगा नसतो, मळ्यातल्या वस्तीवरचं कोणी नसतं. गावातल्या सोयी कुठे तोकड्या पडतात हे त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक असतं.

आम्ही केलं ते असं. गावाचा हातानेच एक नकाशा काढला आणि त्यावर सगळ्या वस्त्या मांडल्या: गावठाण, बौद्धवाडा, मातंगवस्ती, धनगरवस्ती, मळ्यातली घरं. प्रत्येक वस्तीला किमान एक जागा दिली. १५ जणांत मुली निम्म्यापेक्षा जास्त, म्हणजे आठ. आठच का? सहा मुली असल्या आणि त्यातल्या दोघी लग्न होऊन गेल्या की उरलेल्या चौघी गप्प होतात. आठ असल्या तर बैठकीत त्यांची कुजबूज सुरू होते आणि कुजबुजीतून बोलणं सुरू होतं.

अर्ज मागवा, पण अर्जावर ‘शैक्षणिक पात्रता’ विचारू नका. दोनच प्रश्न ठेवा: गावातली कोणती गोष्ट तुम्हाला रोज अडते? महिन्यातला एक रविवार देऊ शकाल का? शाळेत, किराणा दुकानात, दूध डेअरीवर अर्ज ठेवा. दवंडी अजून होत असेल तर द्या. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर वस्तीनिहाय चिठ्ठ्या काढा, त्याही सगळ्यांसमोर. सरपंचांनी निवडलेली समिती ही सरपंचांचीच समजली जाते आणि पुढच्या निवडणुकीत तिचा बळी जातो. चिठ्ठीने आलेल्या मुलाला कोणी ‘तू कोणाचा?’ असं विचारू शकत नाही.

१८ वर्षांखालच्या सदस्यांसाठी आई-वडिलांची लेखी संमती घ्या. बैठका दिवसाउजेडी, शाळेत किंवा पंचायतीच्या सभागृहात ठेवा आणि एक विश्वासाची बाई, अंगणवाडीताई किंवा आशाताई, तिथे असू द्या. ही अट ऐकून पोरं नाराज होतात. तरी सोडू नका. मुलींच्या घरून परवानगी मिळते ती यामुळेच.

ठरावाचा मसुदा

ठराव ढोबळ लिहिला तर नंतर तो दाखवून काही मागता येत नाही. आमच्या ठरावाचा गाभा इथे देते, आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्या:

‘गावातील १५ ते २९ वयोगटातील १५ युवक-युवतींची युवा सल्लागार समिती एक वर्षासाठी स्थापन करण्यात येत आहे. समितीत किमान ८ युवती व प्रत्येक वस्तीतून किमान एक सदस्य असेल. विकास आराखडा व अंदाजपत्रक यांचे मसुदे अंतिम करण्यापूर्वी १५ दिवस समितीस देण्यात यावेत. समितीने दिलेल्या प्रत्येक लेखी सल्ल्यावर लगतच्या मासिक सभेत चर्चा करून, निर्णय व त्याचे कारण ३० दिवसांच्या आत समितीस लेखी कळवावे. वर्षातून दोन ग्रामसभांमध्ये समितीच्या निवेदनाचा विषय विषयपत्रिकेत घ्यावा.’

खाली सूचक आणि अनुमोदकाची नावं. सूचक म्हणून एखाद्या ज्येष्ठ माणसाला उभं करा, अनुमोदन एखाद्या तरुण मतदाराचं घ्या. सभा संपल्यावर ठराव प्रोसिडिंग बुकात जसाच्या तसा उतरला आहे का ते वाचून बघा आणि आठवड्याभरात सहीशिक्क्याची प्रत मागून घ्या. ‘३० दिवसांच्या आत’ हे शब्द गळून ‘योग्य ती कार्यवाही करावी’ एवढंच उरलेलं मी पाहिलं आहे.

मसुदे आधी मिळावेत ही अट अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचं उदाहरण वाचून आमच्या डोक्यात आली. तिथे १९९५ मध्ये मतदारांनी शहराच्या सनदेत दुरुस्ती करून १२ ते २३ वयाच्या १७ जणांचा युवा आयोग स्थापन केला. त्या आयोगालाही खर्चाचे मोठे अधिकार नाहीत. पण मुलांवर आणि तरुणांवर परिणाम करणारा प्रस्ताव नगरमंडळापुढे आला की अंतिम निर्णयाआधी तो आयोगाकडे मतासाठी पाठवावाच लागतो. आपलं गाव आणि ते शहर यांची तुलना होत नाही, पण निर्णयाआधी विचारायचं की नंतर, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

पहिला महिना: पैसा वाचायला शिका

पहिल्या बैठकीत भाषणं नकोत. अंदाजपत्रकाची झेरॉक्स घ्या, तिघातिघांत वाटा आणि मोठ्याने वाचा.

पोरांना वाटतं पंचायतीकडे एकतर पैसाच नाही किंवा अमाप आहे. दोन्ही चूक. घरपट्टी-पाणीपट्टीचं स्वउत्पन्न किती, त्यातली वसुली किती, हे आधी पाहा. या उत्पन्नातला ठरावीक वाटा राखीव असतो: मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के. तो खरंच खर्च झाला का, की दरवर्षी मार्चअखेर घाईने काहीतरी खरेदी होते, हे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

मग केंद्राकडून येणारा वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या आयोगाच्या काळात, २०२१-२२ ते २०२५-२६, या निधीचे ६० टक्के बंधित होते, म्हणजे अर्धे स्वच्छतेसाठी आणि अर्धे पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, तेव्हा चालू वर्षाची विभागणी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या. गावाचा आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर असतो. तो मोबाइलवर उघडून त्यातली कामं गावात प्रत्यक्ष कुठे दिसतात हे पोरांना शोधायला लावा. आमच्या पोरांनी एक गटार शोधायला अख्खा रविवार घालवला. मिळालं ते. त्या दिवसानंतर त्यांना आराखडा शिकवावा लागला नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कोणतं काम कोणाचं. अंगणवाडीची इमारत, शाळेचं छप्पर, एसटीची वेळ, डीपीवरचा (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) लोड: गावाला सगळं ‘पंचायतीचं’च वाटतं. एसटीची वेळ आगार व्यवस्थापक बदलतात, डीपी महावितरणचा. अशा विषयांवर समितीने पंचायतीला ‘काम करा’ म्हणायचं नसतं, ‘ठराव करून त्या कार्यालयाला पाठवा आणि पाठपुरावा करा’ असं म्हणायचं असतं.

पहिला सल्ला लहान आणि मोजलेला असू द्या

व्यायामशाळा, स्टेडियम, वायफाय ही यादी प्रत्येक गावात पहिल्या दहा मिनिटांत येते. लिहून घ्या आणि बाजूला ठेवा. पहिला सल्ला असा हवा की त्याचं उत्तर दोन महिन्यांत दिसेल.

आमचा होता रस्त्यावरच्या दिव्यांचा. संध्याकाळच्या एसटीने उतरणाऱ्या मुलींनी सांगितलं की स्टँडपासून वस्तीपर्यंत अंधार असतो. ‘अंधार आहे’ एवढं सांगितलं असतं तर ‘बघू’ असं उत्तर मिळालं असतं. मग दोघी मुली आणि दोघे मुलगे, बरोबर अंगणवाडीताई, असे तीन दिवस संध्याकाळी साडेसात वाजता त्या वाटेने चालले. प्रत्येक खांबाला खडूने नंबर घातला आणि वहीत लिहिलं: दिवा आहे की नाही, लागतो की नाही, कोणाच्या घरासमोर. तिसऱ्या दिवशी कळलं की बंद असलेले बहुतेक दिवे एकाच स्वीचवर होते आणि तो स्वीच लावायचं काम कोणाकडेच नव्हतं. नवा खांब एकही लागला नाही.

तुमच्याकडे विषय वेगळा असेल: शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का, अभ्यासिकेला जागा आहे का, विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) नियमित पडतं का. रीत तीच ठेवा. स्वतः जाऊन बघा, मोजा, तारीख-वेळ लिहा, कोणाचं काम ते शोधा, मग एका पानात लिहा. पहिल्या ओळीत काय हवं, पुढे काय पाहिलं, शेवटी अंदाजे खर्च आणि तो कोणत्या निधीतून होऊ शकतो. निधीचं नाव लिहिलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

बैठक कशी चालवायची

महिन्यातून एकदा, दीड तास, ठरलेला रविवार. एक नियम पाळा: सगळे एकेकदा बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. प्रत्येक गटात एक-दोन जण असतात ज्यांना बोलता येतं आणि त्यामुळे तेच बोलत राहतात. त्यांना इतिवृत्त लिहायला द्या. अध्यक्षपद दर तीन महिन्यांनी फिरतं ठेवा आणि पहिली पाळी मुलीची. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त तारखा आणि फोटो. मतभेद तिथे नेले की त्यात घरची माणसं पडतात.

संविधानाची पाचवी अनुसूची लागू असलेल्या, म्हणजे आदिवासी, भागात असाल तर पेसा कायदा, १९९६ मुळे पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते आणि तिचा कोषही. तिथे समिती पाड्याच्या पातळीवरच करा, पंचायतीच्या नाही. शहरात राहणाऱ्यांसाठी वाट अरुंद आहे, पण पुण्यासारख्या महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवली जातात. प्रभागातल्या कॉलेजच्या मुलांनी मोजणी करून दिलेले अर्ज तिथेही उपयोगी पडतात.

उत्तराची वही

एक जाड वही घ्या. पाच रकाने: सल्ल्याची तारीख, सल्ला, आवक क्रमांक, पंचायतीचा निर्णय, कारण. शेवटचे दोन रकाने पंचायतीच्या पत्रावरूनच भरायचे, ऐकीव बोलण्यावरून नाही.

‘नाही’ हे उत्तरही उत्तर आहे, हे पोरांना सुरुवातीलाच समजावून सांगा. आमच्या समितीने क्रीडांगणासाठी गायरानाचा तुकडा मागितला होता. उत्तर आलं की त्या जागेबाबत महसूल खात्याकडे प्रकरण चालू आहे, म्हणून देता येत नाही. पोरं हिरमुसली, पण चिडली नाहीत, कारण कारण कळलं होतं. चिडली ती वेगळ्या वेळी: अभ्यासिकेच्या अर्जाला तीन महिने काहीच उत्तर नव्हतं. दोन मुलं तेव्हाच सोडून गेली आणि परत आली नाहीत. ते मला आजही लागतं. मी त्या मासिक सभांना हजर होते आणि मी विषय काढायला हवा होता.

३० दिवस उलटले तर क्रम असा: आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना ठरावाच्या प्रतीसह स्मरणपत्र, मग सरपंचांना समक्ष भेट, आणि मग पुढच्या ग्रामसभेत समितीच्या निवेदनात वहीतली ती ओळ शांतपणे वाचून दाखवणं: तारीख, सल्ला, उत्तर नाही. आरोप करायचा नाही, आवाज चढवायचा नाही. गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार किंवा माहितीचा अधिकार हे शेवटचे उपाय. ते वापरल्यावर पंचायतीशी रोजचं बोलणं अवघड होतं, म्हणून विचार करून वापरा.

निवडणूक लागली की समितीच्या बैठका थांबवा आणि तसं गावाला सांगा. एखादा सदस्य प्रचारात उतरला तर त्याने समिती सोडायची, हेही आधीच ठरवून ठेवा. सरपंच बदलले तर नव्या सरपंचांना पहिल्या आठवड्यात ठराव आणि वही घेऊन भेटा. समिती मागच्या सरपंचांची होती असं त्यांना वाटण्याआधी ती ग्रामसभेची आहे हे त्यांच्या हातात पडलं पाहिजे.

वर्ष संपताना एक-तृतीयांश जुने सदस्य ठेवा, बाकीच्या जागांसाठी पुन्हा अर्ज आणि पुन्हा चिठ्ठ्या. कोणी पुण्याला नोकरीला गेलेलं असेल, कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला, कोणी सासरी. जाणाऱ्यांनी जाण्याआधी एक दुपार नव्यांबरोबर बसावं. त्या बैठकीचा पहिला विषय आमच्याकडे ठरलेला आहे: वही उघडून, ज्या सल्ल्यांपुढचा उत्तराचा रकाना अजून रिकामा आहे, ते सगळे नव्या सदस्यांनी एकेक करून मोठ्याने वाचायचे.